विद्यार्थ्यांचे संशोधन विद्यार्थ्यांनीच छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील पदवीच्या चौथ्या वर्षाविषयी सध्या पालकसभांपासून प्राध्यापकांच्या बैठकांपर्यंत बरेच बोलले जाते. मात्र त्या बोलण्यात वर्गखोल्या, शिक्षकांचा कार्यभार आणि शुल्क यांपलीकडचा विषय क्वचितच निघतो. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ ही पदवी घेता येते आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) शोधप्रकल्प पूर्ण करावा लागतो. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईतील संलग्न महाविद्यालयांत त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुले २०२७ मध्ये या टप्प्यावर पोहोचतील. ही मुले वर्षभर खपून जे लिहितील ते पुढे कोण वाचणार, कुठे छापले जाणार आणि त्यातले खरेखोटे कोण पारखणार, हा प्रश्न आताच विचारायला हवा, असे ठाण्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयात नोकरीची सगळी वर्षे काढलेला माणूस म्हणून मला वाटते.

आज पदवी स्तरावरील संशोधनाचे काय होते, ते आधी सांगतो. मुंबई विद्यापीठाच्या परिसरात तृतीय वर्षाच्या प्रकल्प अहवालाला विद्यार्थी ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळे कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरांत महाविद्यालयाचे नाव, आत मार्गदर्शकाच्या सहीचे प्रमाणपत्र, मग प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके अशी ठरलेली प्रकरणे आणि शेवटी गुगल फॉर्मवर भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे रंगीत आलेख, असा त्याचा साचा असतो. तोंडी परीक्षा झाली की ही पुस्तके विभागाच्या कपाटात जातात, कपाट भरले की ग्रंथालयात येतात आणि ग्रंथालयातही जागा उरली नाही की महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीची भेट उरकल्यावर रद्दीत निघतात. जुनी ब्लॅक बुके नाव बदलून पुन्हा बांधून घेतली जातात, हे गुपित राहिलेले नाही. त्याबद्दल मुलांना बोल लावण्यात मला रस नाही, कारण जे लेखन परीक्षकाखेरीज कोणी उघडणार नाही हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, ते त्याने जीव ओतून का लिहावे? तरीही त्या ढिगातून दरवर्षी चार-दोन अहवाल असे निघतात की हातातले काम बाजूला ठेवून वाचत बसावे. एखाद्या मुलीने आपल्या वस्तीतील घरकामगार बायकांच्या कमाईची नोंद महिनाभर रोजच्या रोज ठेवलेली असते, तर एखाद्या मुलाने तलावाच्या पाण्याचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासलेले असतात. अहवाल रद्दीत गेला की ही नोंदही जाते आणि पुढच्या वर्षी त्याच तलावाकाठी उभा राहणारा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

ज्यांना आपले काम छापून यावे अशी इच्छा असते, त्यांच्यासाठी पैशाचे दार उघडे असते. ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘बहुविद्याशाखीय’ ही दोन विशेषणे मिरवणारी नियतकालिके व्हॉट्सॲपवरून निमंत्रणे धाडतात, दोन-तीन दिवसांत स्वीकृतीपत्र देतात, कोणत्यातरी अपरिचित संस्थेने बहाल केलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (नियतकालिकाचे वजन सांगणारा आकडा) मुखपृष्ठावर छापतात आणि प्रत्येक सहलेखकाला वेगळे प्रमाणपत्र पाठवतात. मधल्या काळात निबंध कोणी वाचलेला असतोच असे नाही. विद्यार्थ्यांना आणि काही शिक्षकांनाही आयएसएसएन क्रमांक दिसला की खात्री पटते. वास्तविक हा आठ अंकी क्रमांक म्हणजे नियतकालिकाची केवळ ओळख आहे. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो आणि मजकुराच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. गाडीला नंबरप्लेट मिळाली म्हणून चालकाला गाडी चालवता येते, असे कोणी म्हणत नाही.

हा बाजार कसा वाढला, याचीही नोंद हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक होते आणि प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांची मोजणी चालूच होती. मागणी इतकी ठरलेली असल्यावर पुरवठादार निघणारच. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, पण मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ नावे काढून टाकावी लागली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या आणि अन्यत्र कुठेही सूचिबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता त्यांनी दाखवून दिली. पुढे आयोगाचीच ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली, २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठीची निबंधाची सक्ती उठवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीही बंद करून नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांवर सोपवली. म्हणजे चौथ्या वर्षाची पहिली मोठी तुकडी लिहायला बसेल तेव्हा बोट दाखवायला दिल्लीची यादी नसेल. काय वाचण्याजोगे आणि काय टाकाऊ हे महाविद्यालयालाच ठरवावे लागेल. ही पारख शिक्षकांनी परिपत्रक काढून शिकवता येणार नाही. विद्यार्थ्याने स्वतः एखादे शोधनियतकालिक चालवले तर ती त्याला येईल, आणि याच कारणासाठी ठाणे व नवी मुंबईतील महाविद्यालयांनी मिळून विद्यार्थ्यांनी संपादित केलेले, तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेणारे आणि लेखकाकडून एक रुपयाही न घेणारे एक नियतकालिक सुरू करावे, अशी माझी सूचना आहे.

विद्यार्थ्यांनी ज्ञानविषयक नियतकालिक चालवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदांनी निबंध वाचायचे आणि इतरांनी त्यावर चर्चा करायची, हा तिचा मुख्य उद्योग होता. तिच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते आणि या शाखेने १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केले, ते १८६७ पर्यंत चालले. आपल्या ठाण्याला आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. तोवर या मासिकाला तीन वर्षे झाली होती. मुंबई विद्यापीठाची स्थापना तर १८५७ ची. विद्यापीठही नसलेल्या शहरात विशी-पंचविशीतली मुले पदार्थविज्ञान, इतिहास आणि आरोग्य या विषयांवर मराठीत लिहीत होती आणि एकमेकांचे लिहिणे तपासत होती. आज त्याच परिसरात जागोजागी महाविद्यालये आहेत आणि बहुतेकांचे प्रकाशन म्हणजे वार्षिकांक, ज्यात प्राचार्यांचा संदेश, सत्काराची छायाचित्रे आणि कविता असतात. वार्षिकांकाला माझा विरोध नाही, पण तो शोधनियतकालिकाची गरज भागवत नाही.

परदेशातील सर्वांत ठळक उदाहरण कायद्याच्या क्षेत्रातले आहे. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ १८८७ पासून विद्यार्थीच चालवतात. कोणत्या प्राध्यापकाचा लेख घ्यायचा आणि कोणता परत पाठवायचा, हेही तेच ठरवतात. बराक ओबामा १९९० मध्ये त्याचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले, तेव्हा ते तिथे शिकत होते. याच नियतकालिकात १८९० मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरील लेख प्रसिद्ध झाला, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या निकालपत्रात या लेखाची चर्चा झाली. विद्यार्थ्यांनी निवडलेला आणि संपादित केलेला लेख सव्वाशे वर्षांनंतर दुसऱ्या देशाच्या न्यायालयात उपयोगी पडला. आपल्याकडेही बंगळूरच्या आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील विद्यार्थी आपापली ‘लॉ रिव्ह्यू’ चालवतात. विज्ञानात पाहायचे तर ‘जर्नल ऑफ यंग इन्व्हेस्टिगेटर्स’ हे अमेरिकेतील नियतकालिक १९९७ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केले आणि त्यात पदवी स्तरावरचेच संशोधन येते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की ज्यांना विषय अजून शिकायचा आहे त्यांनी दुसऱ्याच्या निबंधाचा न्याय कसा करावा. आक्षेप खोटा नाही. रिचर्ड पोस्नर हे नामवंत न्यायाधीश स्वतः विद्यार्थिदशेत ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’चे अध्यक्ष होते, आणि त्यांनीच पुढे विद्यार्थी-संपादित नियतकालिकांवर याच मुद्द्यावरून सडकून टीका केली. म्हणूनच ती पद्धत जशीच्या तशी उचलू नये असे मला वाटते. निबंध शास्त्रीयदृष्ट्या टिकतो की नाही हे त्या विषयाच्या दोन जाणकारांनी लेखकाचे नाव न पाहता सांगावे. बाकीचे सगळे काम विद्यार्थ्यांचे. आणि हे बाकीचे काम थोडे नसते. लेखकाने दिलेले अवतरण त्या ग्रंथात त्या पानावर खरोखर आहे का, हे पुस्तक उघडून पाहावे लागते. टक्केवारी दिली असेल तर ती किती जणांच्या उत्तरांवरून काढली आणि ते सगळे लेखकाचेच मित्र होते का, हे विचारावे लागते. मूळ नोंदी मागवून घ्याव्या लागतात, मुलाखत दिलेल्या व्यक्तीची संमती होती का आणि तिचे नाव झाकले आहे का, हे पाहावे लागते. परीक्षकाचा अभिप्राय तुटक आणि कडवट असला तर त्यातला उपयोगाचा भाग लेखकाला समजेल अशा शब्दांत लिहावा लागतो, आणि निबंध नाकारायचा झाला तर कारणे देऊन नाकारावा लागतो. हे सगळे दोन वर्षे केलेला विद्यार्थी पुढे वकील होवो, बँकेत जावो की पत्रकार होवो, त्याला कागदावरचा मजकूर फसवू शकणार नाही.

अलीकडे या कामात एक नवी भर पडली आहे. संगणकाकडून लिहून घेतलेल्या निबंधांत अस्तित्वातच नसलेले ग्रंथ आणि लेख संदर्भ म्हणून येतात. लेखकाचे नाव ओळखीचे, नियतकालिकाचे नाव खरे, वर्षही पटण्याजोगे, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. मजकुरातले साम्य मोजणारी सॉफ्टवेअर हे पकडू शकत नाहीत, कारण तिथे नक्कल झालेलीच नसते. संदर्भसूचीतील प्रत्येक नोंद एकेक करून शोधणारा माणूसच ते पकडतो. हे काम कंटाळवाणे आहे हे मी ग्रंथपाल म्हणून मान्य करतो, पण वीस वर्षांच्या मुलांना ते भरपूर चिकाटीने करताना मी पाहिले आहे. त्यांना फक्त ते कशासाठी करायचे हे कळायला हवे असते.

आता विषयांविषयी, कारण ‘पदवीची मुले नवे ते काय सांगणार’ असेही विचारले जाईल. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. खाडीकाठच्या महाविद्यालयांतील जीवशास्त्राची मुले वर्षानुवर्षे तिथे क्षेत्रभेटीला जातात. त्यांच्या पक्षिगणनेच्या आणि पाण्याच्या तपासणीच्या नोंदी एका पद्धतीने दरवर्षी छापल्या गेल्या असत्या, तर खारफुटीच्या आणि भरावाच्या वादात नागरिकांच्या हाती वर्षांमागून वर्षांची आकडेवारी असती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखाने हळूहळू जाऊन त्या जागी माहिती तंत्रज्ञानाची संकुले आली, तेव्हा तिथल्या कामगारांचे काय झाले? वागळे इस्टेटमधल्या छोट्या कार्यशाळांचे काय झाले? नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, तेव्हा ज्यांची भातशेती आणि मिठागरे गेली त्यांची नातवंडे आज नेरुळ, कोपरखैरणे आणि पनवेलच्या महाविद्यालयांत शिकतात. जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला साडेबारा टक्के योजनेतील भूखंड त्यांच्या घरात किती काळ टिकला, तो विकून आलेला पैसा कशात गेला, गावठाणातील वाढीव घरांची कागदपत्रे कोणत्या अवस्थेत आहेत, हे बाहेरून आलेल्या अभ्यासकाला सहजी कोणी सांगणार नाही. नातीला आजी सांगेल. आगरी आणि कोळी बोलींतील लग्नगीते, शेतीची अवजारे आणि माशांची नावे यांचीही तीच गोष्ट. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या संस्थांचा सामाजिक इतिहास लिहायला कोणी परगावाहून येण्याची वाट का पाहायची? या विषयांना जागतिक नियतकालिकांत स्थान मिळणे अवघड, कारण ते त्यांना फार स्थानिक वाटतात. आपल्याला ते स्थानिक आहेत म्हणूनच हवे आहेत.

यातील बरेच निबंध मराठीत यावेत, असे माझे मत आहे. नियतकालिक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असावे आणि प्रत्येक निबंधाचा सारांश दुसऱ्या भाषेत द्यावा. मराठीत गंभीर संशोधन छापणारी नियतकालिके आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक आहे, मराठी संशोधन मंडळाची पत्रिका आहे, परंतु तिथे पदवीच्या विद्यार्थ्याने पाऊल टाकावे अशी पायरी मधे कुठेच नाही. इथे एक तांत्रिक बाब आवर्जून सांगतो, कारण तिच्यामुळे मराठीतील पुष्कळ लेखन असून नसल्यासारखे झाले आहे. आपल्याकडे अंकाची जुळणी अजूनही अनेकदा युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होते. पीडीएफ दिसायला सुबक असते, पण तिच्यातला एक शब्दही शोधयंत्राला सापडत नाही, तो मजकूर उतरवून घेतला तर अगम्य चिन्हे येतात, आणि साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यातले काही कळत नाही. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले आहे. जुन्या फॉन्टमधल्या मराठी लेखाची संपूर्ण नक्कल केली तरी साम्य शून्य निघू शकते! नव्या नियतकालिकाने पहिल्या अंकापासून युनिकोडचा आग्रह धरावा. डीटीपी करणाऱ्यांची कुरकुर ऐकून घ्यावी आणि आग्रह सोडू नये.

खर्चाची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. निबंध स्वीकारणे, परीक्षकाकडे पाठवणे आणि अंक प्रसिद्ध करणे ही सगळी कामे करणारी ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही प्रणाली विनामूल्य आहे आणि जगभर वापरली जाते. आयएसएसएनला पैसे पडत नाहीत. प्रत्येक निबंधाला इंटरनेटवरील ओळख म्हणून कायमचा डीओआय क्रमांक हवा असेल तर ‘झेनोडो’ या संग्रहात तो विनामूल्य मिळतो, आणि निबंध तिथे ठेवला की महाविद्यालयाचे संकेतस्थळ बंद पडले तरी तो हरवत नाही. शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. संकेतस्थळाचे नूतनीकरण करायला कोणी उरले नाही म्हणून सगळे अंक नाहीसे झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. विद्यार्थ्यांची नियतकालिके बहुधा पैशाअभावी नव्हे, तर परीक्षांमुळे मरतात: उत्साही संपादक पदवी घेऊन जातो, पासवर्ड त्याच्याच फोनमध्ये राहतो आणि पुढचा अंक निघत नाही. म्हणून संपादक मंडळात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची मुले एकाच वेळी असावीत, एका महाविद्यालयाचे नव्हे तर अनेक महाविद्यालयांचे मिळून मंडळ असावे, कागदपत्रे आणि पासवर्ड एखाद्या ग्रंथालयाच्या ताब्यात असावेत, आणि सुरुवातीला वर्षातून एकच अंक काढावा, पण तो ठरलेल्या महिन्यात काढावा. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ यांना श्रेयांक आहेत. संपादनाचे काम त्यांत बसवता आले तर मुलांना हजेरी आणि संपादन यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.

मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र बाळकुमला आहे. दोन्ही शहरांतील महाविद्यालयांना एकत्र बोलावण्यास ते सोयीचे आणि कोणा एका संस्थेचे नसलेले ठिकाण आहे, म्हणून उपकेंद्राने पुढाकार घेऊन इच्छुक प्राचार्यांची आणि ग्रंथपालांची पहिली बैठक या शैक्षणिक वर्षातच बोलवावी, अशी माझी विनंती आहे. आधी सर्वांत अवघड काम हाती घ्यावे, ते म्हणजे परीक्षकांची यादी. नियमित प्राध्यापकांकडे वेळ नसतो. परंतु नौपाड्यापासून सानपाड्यापर्यंत राहणारे निवृत्त प्राध्यापक, शास्त्रज्ञ, अभियंते आणि वकील पुष्कळ आहेत, आणि वर्षाकाठी दोन-तीन निबंध वाचून प्रामाणिक अभिप्राय देण्यास त्यांतले बरेच जण तयार होतील. विद्यार्थ्यांना संदर्भ तपासायला शिकवण्याचे काम मी स्वतः विनामोबदला करीन.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
नौपाडा, ठाणे (पश्चिम)